धोट्याचं शेवटचं गाणं

धोटा नावाच्या रॅपरचा मरणोत्तर अल्बम आमच्या रेवाच्या तोंडून प्रकाशित झाला. रेवा अजून वर्षाची व्हायची आहे. धोटा आमच्या खालच्या मजल्यावर राहायचा. मागावरच्या धोट्यासारखी त्याची जीभ इकडून तिकडे पळायची, म्हणून इचलकरंजीत त्याला तेच नाव पडलं. फेब्रुवारीत तो अपघातात गेला, आणि होळीच्या सुमारास रेवानं मऊभात खाताखाता त्याच्या घोगऱ्या आवाजात पहिलं गाणं म्हटलं.

मी अर्थातच तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छाती तपासली, वजन केलं.

"दात येताना करतात काही मुलं असं," ते म्हणाले. "तुम्ही इंटरनेटवर फार वाचता का?"

वाचते.

गाणी चांगली होती, हे मला मान्य करावं लागलं. पोरं चपला काढून जिन्यात ऐकत बसायची. 'धोटा आता अधिक परिपक्व', असं एका वर्तमानपत्रानं लिहिलं. सोसायटीच्या बैठकीत शिव्यांचा विषय निघाला. शिव्या कलावंताच्या आहेत, बाळाच्या नाहीत, असं ठरलं. मात्र दुपारी शांतता पाळावी. रेवानं ती पाळली.

धोट्याचा मित्र वसीम रेकॉर्डिंगला यायचा. पाळण्याची कडी करकरायची, त्यावरच त्यानं ठेका बसवला होता. सासूबाईंनी मायेनं कडीला तेल घातलं, तर एक गाणं आठवडाभर अडलं.

"वहिनी, आता एकच राहिलंय," वसीम म्हणाला. "आईवरचं. ते शेवटी ठेवणार म्हणायचा."

"मग ही स्वतःचं बोलेल ना रे? अजून एक शब्द नाही. समोरच्यांच्या बाळाला 'काऊ' येतं."

"तोंड तिचंच आहे की, वहिनी."

यानं मला धीर यायला हवा होता.

शेवटच्या गाण्याला धोट्याची आई, रत्नाकाकू, वर आल्या. एरवी यायच्या नाहीत. आपल्याला त्यातलं कळत नाही म्हणायच्या.

"मी नुस्ती बसते गं कोपऱ्यात. पोरीला तरास नको."

त्या पाळण्यामागे भिंतीला टेकून बसल्या. मी झोका दिला. रेवा उठून बसली, दोन्ही हातांनी काठ धरला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "आई."

आवाज घोगरा नव्हता.

मी 'ओ' द्यायला तोंड उघडलं. वसीमनं ओठांवर बोट ठेवलं. रेकॉर्डिंग चालू होतं. तेवढ्यात पाळण्यामागून रत्नाकाकू म्हणाल्या, "ओ रं, माझ्या लेकरा."

मी तोंड मिटलं. वसीम बराच वेळ थांबला, पण रेवा पुढे काही बोलली नाही. मग त्यानं तेवढंच गाणं धरलं, काकूंच्या उत्तरासकट.

अल्बममधलं ते सगळ्यात लहान गाणं, आणि लोकांना तेच सगळ्यात आवडलं. खाली रत्नाकाकूंकडे ते लागतं, तेव्हा मी वरून 'ओ' देते.