सख्ख्या बहिणीने दिलेले गुण

राजेश्रीने धाकट्या भावाला, बालाजीला, वेगात वीसपैकी पाच गुण दिले, त्यात तिचा वाईट हेतू नव्हता. पुण्यातल्या एका कंपनीसाठी ती पोखर्णीत घरी बसून फुटबॉलच्या एका गेमचे काम करत असे. त्या गेममध्ये स्वतः चेंडू मारायचा नसतो. व्यवस्थापक होऊन खेळाडू घ्यायचे, विकायचे, कुणाला मैदानात उतरवायचे ते ठरवायचे. प्रत्येक खेळाडूला वेग, दम, शिस्त अशा गोष्टींचे गुण असतात आणि त्यांवर सामने ठरतात. कुठलाही एक संघ कायम जिंकू नये असे हे गुण बसवणे, हे राजेश्रीचे काम. चाचणीसाठी तिला जिल्ह्यातले संघ आणि खोटी नावे हवी होती. खोटी नावे सुचेनात, म्हणून तिने ओळखीची घातली. गुण मात्र विचार करून दिले. मेंढरांमागे दिवसभर चालणाऱ्या उमाजीला दम अठरा. देवळातही जीपने जाणाऱ्या दत्तरावांना चार. बालाजी गेल्या वर्षी थांबलेल्या एसटीतून उतरताना पाय मोडून बसला होता, म्हणून त्याची दुखापतीची शक्यता सतरा.

चुलतभाऊ परमेश्वर हा गेम मोबाइलवर तपासून देई. पोखर्णी संघाचे गुणांचे पान त्याला इतके आवडले, की त्याने ते पाहुण्यांच्या ग्रुपवर टाकले. ग्रुपवर गंगाखेडचे बन्सीधर होते. त्यांच्या मुलीशी, अपेक्षाशी, बालाजीचे लग्न ठरत आले होते. फक्त तारीख निघत नव्हती. कधीही विचारले तरी बन्सीधर म्हणत, "ऊस कारखान्याला जाऊ द्या, मग बघू."

संध्याकाळी दारात दत्तरावांची जीप थांबली. हे स्थळ त्यांनीच आणले होते.

"रामकिशन, बन्सीधरचा फोन आलता. पोराच्या पायात काय दोष हाय का, इचारायलेत."

"कसला दोष? सकाळीच खताची पोती उतरवली त्यानं," राजेश्रीचे वडील म्हणाले.

"मी बी तेच म्हनलो. ते म्हनले, सख्ख्या बहिणीनं सतरा दिलेत, ती कशाला खोटं लिहील?"

"काका, तो गेम हाय," राजेश्री म्हणाली.

"मला ठाव हाय गेम हाय. पण उमाजीला अठरा अन् मला चार? लग्न मी जमवायचं, अन् मलाच चार?"

रामकिशन लेकीकडे वळले. "वाढव."

"बापू, असं वाढवता येत न्हाई. एकाचं वाढवलं की सगळा गेम बिघडतो."

"लग्न बिघडण्यापरीस गेम बिघडलेला बरा."

बालाजी दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. सगळे उठून गेल्यावर तो म्हणाला, "अक्का, मला ती पोरगी लय पसंत हाय." एवढे बोलायला त्याला बराच वेळ लागला. आक्रमकतेत तिने त्याला तीन दिले होते, ते बरोबरच होते.

राजेश्रीने त्याचा वेग अठरा केला, दुखापतीची शक्यता एक. दत्तरावांना उमाजीच्या बरोबरीला आणले. परमेश्वरने नवे पान ग्रुपवर टाकले. बन्सीधरांनी विचारले, "एका दिवसात पाय बरा झाला?" परमेश्वरने उत्तर दिले, "सराव चालू आहे."

गेममध्ये पोखर्णी आता नऊ-शून्यने जिंकू लागली. लहान संघाकडे फार मोठा खेळाडू टिकून राहू नये म्हणून राजेश्रीनेच एक नियम घातला होता: अशा वेळी मोठा संघ आपण होऊन त्या खेळाडूला विकत घेण्याची बोलणी सुरू करतो. त्याची बातमीही गेम आपोआप तयार करतो. दुसऱ्या दिवशी परमेश्वरच्या मोबाइलवर ती उमटली. 'बालाजीसाठी जिंतूर उत्सुक. बोलणी अंतिम टप्प्यात.' परमेश्वरला अभिमान वाटला. त्याने तीही ग्रुपवर टाकली.

"हे जिंतूर कुठून आलं?" रामकिशननी विचारले.

"तो मोठा संघ हाय, बापू. समतोलासाठी..."

"आग लाव त्या समतोलाला. पोराला आधी लंगडं केलंस, आता दोन ठिकाणी बोलणी करणारा केलंस. काढ ती बातमी."

राजेश्रीने लॅपटॉप उघडला, तोच दारात दत्तरावांची जीप आली. तिच्यामागे गंगाखेडची गाडी. बन्सीधर चार माणसे घेऊन उतरले आणि चहा येण्याआधीच म्हणाले, "पाव्हणं, ऊस काय, जाईल तवा जाईल. आमी तारीख काढूनच आलोत."

"ते जिंतूरचं म्हनाल तर..." रामकिशननी सुरुवात केली.

"गेम हाय, आमाला कळतंय. पण बहिणीनं लिहिलेला हाय. कायतरी असल्याबिगर जिंतूरचंच नाव कसं येईल? आमचं लेकरू मधीच लटकायला नको."

रामकिशननी खरे सांगायला तोंड उघडले. दत्तराव वर पंख्याकडे बघू लागले. रामकिशननी तोंड मिटले आणि सुपारी आणायला सांगितली.

पाहुणे गेल्यावर राजेश्री पुन्हा लॅपटॉपपाशी बसली. "बापू, काढू का आता ती बातमी?"

रामकिशननी कॅलेंडरात लग्नाची तारीख पाहिली.

"जिंतूरवाले किती दिस बोलणी करत्यात?"

"मी थांबवीपर्यंत."

"मग हळद लागंपर्यंत करू दे त्येंना."