न चाखलेलं ओल्ड फॅशन्ड

देवळातल्या कीर्तनाला शंभर माणसांचा शिरा मी एकटी करते. तोही न चाखता, कारण नैवेद्य चाखायचा नसतो! तेव्हा जावयासाठी ग्लासभर कॉकटेल म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ!

आमचे जावई, प्रीतमबापू, पुण्याचे. अबोल. नागपूरला दोनदा आले आणि दोन्हीदा हॉटेलात उतरले! यंदा काही झालं तरी त्यांना घरी ठेवायचंच, असं मी ठरवलं होतं. लेकीनं, नूपुरनं, फोनवर त्यांचा फोटो पाठवला होता. हातात तांबूस पेय, काठावर संत्र्याची साल.

शेजारची कामिनी फोटो पाहून ओरडली, "काकू, हे तं व्हिस्कीचं कॉकटेल! ओल्ड फॅशन्ड!"

नाव ऐकूनच मला आपुलकी वाटली.

"अहो, व्हिस्की आणा!"

मधुकररावांच्या हातातली बशी पडली. कीर्तनात टाळ धरणारा माणूस! "कौसल्ये, ताप आहे काय वं तुले?"

शेवटी ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून ते थेट कामठीला गेले. भर दुपारी तोंडाला मफलर! बाटली टाळांच्या पिशवीतून आणली. जिन्यात पिशवी अशी किणकिणली, की वरच्या इंदुताईंनी गॅलरीतून हात जोडले!

कामिनीनं कृती सांगितली. साखर, व्हिस्की, बर्फ, संत्र्याची साल आणि बिटर्स नावाच्या कडू अर्काचे दोन थेंब. कडू म्हटलं की आमच्या घरी काडेचिराईत! मूठभर उकळलं. दोन थेंबांनी कोणाचं भलं झालंय? वाटीभर ओतलं! चाखायचा तर प्रश्नच नव्हता.

जावई आले. नूपुर बॅग टाकून कामिनीकडे पळाली. मी ग्लास पुढे केला.

"घ्या बापू, खास तुमच्यासाठी!"

एका घोटात त्यांचे डोळे असे उघडले, जसे कीर्तनात डुलकी घेणाऱ्याचे बुवांनी नावानं हाक मारल्यावर उघडतात! मग डोळे मिटून सगळं घटाघटा संपवलं. आवडलं! मी दुसरा ग्लास दिला. मग तिसरा!

"जरा दम धर नं वं," मधुकरराव कुजबुजले.

तेवढ्यात नूपुर आली आणि मला स्वयंपाकघरात ओढलं. "आई, काय देऊन राहिली तू त्याले?"

"तेच, फोटोतलं!"

"फोटोत कोरा चहा होता! त्यानं आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही!"

पांडुरंगा! बाहेरून जावयांचा आवाज आला, "आई, तुमचा काढा भयंकर कडू, पण छाती काय मोकळी झाली! चला, कीर्तनाला जाऊ!"

अबोल माणूस पहिल्या रांगेत बसला! कीर्तनकार चंपतरावबुवा रंगात आले. "सांगा मायबाप, देव कुठं आहे?"

जावई ताडकन उठले. "सासूबाईंच्या ग्लासात!"

मी पदरात तोंड लपवलं. बुवा मात्र गहिवरले. "वा! सासूच्या हातच्या पाण्यात ज्याले देव दिसते, तोच खरा भक्त!" देवळात टाळ्यांचा कडकडाट!

सकाळी जावयांनी जाहीर केलं, "हॉटेलची खोली सोडली. मी इथंच राहतो! फक्त रोज तो काढा द्या."

खरं सांगायला मी तोंड उघडलं, तर नूपुरनं डोळे वटारले. संध्याकाळी नुसतं काडेचिराईत दिलं, वर संत्र्याची साल. जावयांनी एक घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला.

"आई, आज यात देव नाही हो!"

मधुकरराव उठले आणि पुन्हा कामठीला जायला गुपचूप मफलर शोधू लागले. सापडणार नाही. मीच तो पिठाच्या डब्यात दडवलाय, उरलेल्या बाटलीसकट. जावई राहिले ते कीर्तनाच्या गोडीनं, असं मी सगळ्यांना सांगते. तुम्हालाही कोणी विचारलं, तर तसंच सांगा बरं!