चौथ्या नंबरची तक्रार

शनिवारी सकाळी बाबांनी जिन्याखालची मोटरसायकल अंगणात ओढली, तिच्यावरची ताडपत्री झटकली आणि लागोपाठ चार शिंका दिल्या. नऊ वर्षं ती गाडी जिन्याखाली उभी होती. आता ती दोन दिवसांत चालू व्हायला हवी होती, कारण सोमवारी सकाळी सातला त्यांच्या मुलीला गावाबाहेरच्या पाणी शुद्धीकरण केंद्रावर रुजू व्हायचं होतं. पाणी तपासायची प्रयोगशाळा, पहिली नोकरी, चौदा किलोमीटर अंतर आणि त्या बाजूची पहिली बस साडेआठला. ठरल्या वेळी हजर न झाल्यास नेमणूक यादीतल्या पुढच्या उमेदवाराला देऊ, असं पत्रात स्वच्छ लिहिलं होतं.

"बाबा, गाडी मेकॅनिककडे देऊ या," मुलगी म्हणाली.

"मेकॅनिकला काय कळतंय? हा इलेक्ट्रिकचा प्रश्न आहे. मी एकतीस वर्षं वीजखात्यात होतो."

होते, यात खोटं काही नाही. वीजखात्यात नेमके कुठे होते, तेवढं मात्र बाबा सांगत नसत. ते तक्रार खिडकीवर होते. लोकांनी रांग लावून घरात अंधार आहे म्हणून सांगायचं आणि बाबांनी ते वहीत लिहून नंबर द्यायचा. खांबावर चढणारी माणसं वेगळी. घरातला बल्बसुद्धा आई बदलायची आणि बाबा खाली स्टूल धरून सूचना द्यायचे. पण इतकी वर्षं विजेच्या शेजारी बसलं की माणसाला वाटायला लागतं, थोडी आपल्यातूनही वाहते.

मुलीने नवी बॅटरी आणि ताजं पेट्रोल आणून ठेवलं होतं. जुनं पेट्रोल काढून कार्ब्युरेटरही तिनेच साफ केला. बाबांनी काय आणलं, तर वही. तीत रेघा मारून त्यांनी रकाने पाडले: अनुक्रमांक, तक्रार, पाहणी, शेरा. पुढचे दोन दिवस कसे जाणार ते मुलीला तिथेच दिसलं.

तेवढ्यात आई फडकं घेऊन गाडी पुसायला आली. पुसता पुसता तिचा अंगठा बटणावर पडला.

"हॉर्न वाजत नाही वाटतं," ती सहज म्हणाली.

"तक्रार नंबर एक," म्हणून बाबांनी लिहून घेतलं.

मग मागचा दिवा लागत नाही, ही दोन नंबरला गेली. डावा इंडिकेटर मेला आहे, ही तीन नंबरला. मुलीने वीस किका मारल्या, घाम पुसला आणि सांगितलं की इंजिन सुरू होत नाही. ती तक्रार चौथी.

"बाबा, चौथी आधी घ्या ना. इंजिनच सुरू नाही झालं तर हॉर्न वाजवून कुणाला बोलावायचंय?"

"हे बघ, आधी आलेली तक्रार आधी. मी एकदा वशिला लावू दिला की रांग मोडली."

"अहो, रांगेत दुसरं आहे कोण? एकच गाडी आहे."

"नियम एका गाडीलाही लागू असतो," बाबा म्हणाले.

असल्या माणसापुढे डोकं फोडून घेतलं तर जखमेलाही तो नंबर देईल.

हॉर्नने दुपारचे चार वाजवले. बाबांनी हँडलपाशी असलेल्या सगळ्या वायरी सोडवल्या, जमिनीवर पसरल्या आणि मग कुठली कुठे होती ते त्यांना आठवेना. पण विसरलो म्हणेल तो साहेब कसला. "खात्याच्या अंदाजाने" त्यांनी वायरी परत जोडल्या. हॉर्नचं बटण दाबलं, काही नाही. मग त्यांनी ब्रेक दाबला आणि हॉर्न खणखणीत वाजला.

"वाजला," बाबा म्हणाले आणि शेऱ्यात लिहिलं, निकाली.

"ब्रेकवर वाजतोय, बाबा."

"तक्रार काय होती? वाजत नाही. आता वाजतो. ब्रेकवर का वाजतो, ही वेगळी तक्रार झाली. ती पाचवी."

मागचा दिवा त्यांनी तासाभरात लावला, फक्त तो आता विझत नव्हता. इंडिकेटरचं काम रविवारी सकाळी सुरू झालं आणि इथे मात्र आगीतून फुफाट्यात अशी गत झाली. डावीकडे वळायचा खटका दाबताच इंडिकेटर लुकलुकला नाही, हॉर्न लुकलुकायला लागला. एकदा वाजे, एकदा थांबे, पुन्हा वाजे. बाबांनी खटका मागे घेतला, तर तो सलगच वाजू लागला. किल्ली काढली तरी वाजतच राहिला. समोरच्या काकू गॅलरीत आल्या.

"कुणाला काही झालंय का हो?"

"पाहणी चालू आहे," बाबा हॉर्नच्या वर आवाज काढून म्हणाले.

आईने पाना घेऊन बॅटरीची वायर उपटली तेव्हा गल्लीला शांतता मिळाली. बाबा तिच्यावरच चिडले. विनापरवाना पुरवठा तोडणं हा गुन्हा आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं. ते म्हणून झाल्यावर ते जेवले आणि आडवे झाले, कारण रविवार होता.

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. दीड दिवस गेला होता आणि चौथ्या तक्रारीला कुणी हात लावला नव्हता. तिने प्लग काढला, इंजिनच्या लोखंडाला टेकवून धरला आणि पायाने किक मारली. ठिणगी नाही. पुन्हा मारली, तरी नाही. मग सरळ उठली आणि चौकातल्या मेकॅनिककडे गेली.

मेकॅनिक गॅरेजचं दार लावत होता. तिने सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "अर्ज आणलाय?"

"कसला अर्ज?"

"तू त्या खिडकीवाल्या साहेबांची मुलगी ना? माझ्या गॅरेजचा मीटर जळाला होता तेव्हा तुझ्या बाबांनी हेच विचारलं होतं. अर्ज आणला, तर म्हणाले दोन प्रती. दोन प्रती आणल्या, तर जेवणाची सुट्टी. अकरा दिवस मी दाराच्या उजेडात काम केलंय. आता तुमचा नंबर अकरा दिवसांनी."

"काका, मला उद्या सातला हजर व्हायचंय. नाहीतर नोकरी जाईल."

मेकॅनिकने कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि चार पावलं गेला. पण कामाच्या माणसाचं एक असतं, चूक दिसली की त्याच्या पोटात राहत नाही. तो तिथूनच ओरडला, "किल्लीकडून इंजिनकडे जाणारी वायर आधी सोडव. काळीत पांढरी रेघ आहे ती. सोडल्यावर ठिणगी आली, तर इंजिन ठणठणीत आहे. ती वायर कुठेतरी लोखंडाला चिकटलीय, तेवढी शोध. आणि साहेबांना सांग, मी काही सांगितलेलं नाही."

मुलगी पळतच घरी आली. वायर सोडवली आणि किक मारली. प्लगच्या टोकाला निळी ठिणगी तडतडली. तिने पेट्रोलची टाकी उचलून बाजूला ठेवली. टाकीखाली ती वायर चौकटीवर घासून घासून उघडी पडली होती. नऊ वर्षांचं दुखणं बोटभर लांबीचं होतं. तिने चिकटपट्टी गुंडाळली, वायर पुन्हा जोडली, टाकी बसवली. तिसऱ्या किकेला गाडी धूर ओकत सुरू झाली आणि किल्ली फिरवल्यावर गुमान बंद पडली. हँडलच्या वायरींचा घोळ तिने अंधार पडायच्या आत निस्तरला आणि बॅटरी परत जोडली. हॉर्न हॉर्नसारखा वाजायला लागला.

आवाजाने बाबा उठून आले. गाडीकडे बघितलं, मान डोलावली. "सांगितलं होतं ना? तीन तक्रारी नीट क्रमाने निकाली काढल्या की चौथी आपोआप सुटते."

"बाबा, मी टाकी काढली. वायर मी शोधली."

बाबांनी तोवर शेरा लिहूनही टाकला होता. तिने वाकून वाचलं: दोष दूर केला, खात्यातर्फे. तिला इतका संताप आला की हातातला पाना तिने पेटीत ठेवला नाही, आपटला. आई म्हणाली, "जाऊ दे गं. पालथ्या घड्यावर पाणी." आणि जेवायला वाढलं.

सोमवारी ती पावणेसातला केंद्राच्या दारात होती. दिवसभर बाटल्या धुतल्या, नमुन्यांना चिठ्ठ्या लावल्या, सही केली. नोकरी पक्की झाली. पाचला ती गल्लीत वळली आणि तिने गाडी तिथेच थांबवली.

नऊ वर्षं बंद असलेली गाडी सुरू झाल्याची बातमी गल्लीभर पोचली होती आणि फाटकाशी रांग होती. समोरच्या काकू मिक्सर कडेवर घेऊन उभ्या होत्या, मागे शिंप्याने शिलाई मशीनची मोटर आणली होती, त्याच्या मागे दोन बंद स्कूटर. रांगेच्या तोंडाशी बाबा टेबल टाकून, वही उघडून बसले होते. दोन दिवसांत उजळला नव्हता एवढा चेहरा त्यांचा उजळला होता.

"पण हे सगळं दुरुस्त करणार कोण?" शिंप्याने विचारलं. "तुम्ही?"

"मी तक्रार घेतो," बाबा दुखावून म्हणाले. "कामाला लाइनमन आहे. तो बाहेर गेलाय. हा बघा, आलाच."

सगळ्यांनी वळून मुलीकडे बघितलं. काकूंनी मिक्सर पुढे केला. दहा तास उभी राहून तिचे पाय दुखत होते, डोकं भणभणत होतं. ती टेबलापाशी गेली, वाकली आणि बाबांच्या कानात म्हणाली, "बाबा, मी दमलेय. आज मला काही जमणार नाही. तुम्हीच काय ते बघा."

बाबांनी तिच्याकडे बघितलं. जरा जास्त वेळ बघितलं. मग टोपण पेनाला लावलं, वही मिटली आणि रांगेकडे न बघताच म्हणाले, "उद्या या."

काकू काही बोलू लागल्या, शिंप्याने हात वर केला. बाबांनी मान वर केली नाही. एकतीस वर्षांचा सराव होता तो. मिनिटभरात फाटक मोकळं झालं, आणि मुलीने आयुष्यात पहिल्यांदा बाबांचं काम जवळून पाहिलं.