न दिसणारे छप्पर

डोक्यावर छप्पर असावे ही माणसाची फार जुनी इच्छा आहे. छप्पर असावे पण ते दिसू नये, ही त्यामानाने अलीकडची. पहिली इच्छा पुरी करताना माणसाच्या चपला झिजतात. दुसरी पुरी करायला मोटार कंपन्या आपण होऊन फोन करतात. पत्रा लावण्यापेक्षा न लावण्याचे पैसे जास्त पडतात, हे प्रथम ऐकताना चमत्कारिक वाटते. पण हॉटेलात उपासाच्या ताटाचा दर जेवणाच्या ताटाहून जास्त असतो हे आपण कधीच मान्य केले आहे. तेव्हा तक्रारीला जागा नाही.

द्वारकेचे धीरेनभाई रायचुरा, शेंगतेलाचे घाऊक व्यापारी, यांनी काचेच्या छपराची मोटार घेतली ती हौसेने नव्हे. त्यांच्या घराण्यात हौसेची पद्धत नाही. (टीव्हीसुद्धा तेलाचे भाव पाहण्यासाठी घेतला होता, असे ते अजून सांगतात.) मोटार घेतली ती त्यांच्या आईसाठी. आईचे नाव कस्तुरबेन. सगळी गल्ली त्यांना बा म्हणते.

बांचा नेम साधा होता. देवळाच्या शिखरावर फडकणारी धजा डोळ्यांनी पाहायची, हात जोडायचे, मग जेवायचे. धजा दिसली नाही तर दूध आणि केळे. लग्न होऊन द्वारकेत आल्यापासून नेम मोडला नव्हता. मोडला तो खुबा. तेव्हापासून बसणे जेमतेम, चालणे बंद, पडून राहणे भरपूर. तरी पलंगाशेजारच्या खिडकीतून धजा दिसे. मग समोर एक हॉटेल उभे राहिले. ‘प्रत्येक खोलीतून धजेचे दर्शन’ असे त्याच्या पाटीवर लिहिले होते आणि त्यात तिळमात्र खोटे नव्हते. मागच्या सगळ्या घरांचे दर्शन उचलून त्यांनी त्या खोल्यांत नेऊन ठेवले होते.

पहिला उपाय म्हणून बांना खाटेसकट चौकात नेण्यात येऊ लागले. दोन-तीन खेपा झाल्यावर बांनी नकार दिला. “चौघांच्या खांद्यावरून जायची वेळ येईल तेव्हा जाईनच की. आत्तापासून सराव कशाला?” सुरतेच्या नातवाने फोनवर थेट दर्शनाची सोय करून दिली. बांनी पाहिले, हात जोडले आणि विचारले, की यातच ताटही दाखवता येईल का, म्हणजे जेवणही उरकेल.

तेव्हा धीरेनभाई मोटारी पाहायला जामनगरला गेले. त्यांनी मायलेज विचारले नाही, इंजिन उघडायला लावले नाही. प्रत्येक गाडीची मागची सीट ते पाडायला सांगत, चपला काढून आत उताणे पडत आणि हात जोडून वर पाहत. (दोन शोरूममध्ये त्यांना लिंबूपाणी देण्यात आले.) तिसऱ्या शोरूममध्ये पडल्यापडल्या त्यांना छताचा पंखा, त्यापलीकडची ट्यूबलाइट आणि ट्यूबलाइटमागची पाल इतके सगळे स्वच्छ दिसले. ही गाडी त्यांनी घेतली.

गाडी ताब्यात देण्याचा विधी शोरूमनेच केला. हल्ली तसेच असते; घरच्यांनी फक्त नटून यायचे. मखमली कापड ओढले, हार घातला, चाकांखाली लिंबे ठेवली. फोटोच्या वेळी श्रीफळ नीट दिसेना, म्हणून शोरूमच्या मॅनेजर बेनने ते उचलले आणि काचेच्या छपरावर मधोमध ठेवले. फोटो फार देखणा आला. शोरूमच्या भिंतीवर तो अजून आहे.

पुढे काही महिने रायचुरांच्या घरात कोणीही कशाचीही तक्रार केली नाही, ही गोष्ट वैद्यकशास्त्राने नोंद घ्यावी अशी होती. मागे गादी घातलेली, गादीवर बा, गाडी चौकापर्यंत जायची, काचेतून धजा दिसायची, बा हात जोडायच्या आणि घरी येऊन ताटावर बसायच्या, म्हणजे आडव्या व्हायच्या. चिंता एकच होती, ती वेजाभाईच्या छकड्याची. पुढे मोटारसायकलचे तोंड, मागे उघडा हौदा, तीन चाके आणि सबंध गल्लीला पुरून उरेल इतका आवाज, असे ते वाहन रोज तेलाचे डबे घेऊन येई. धीरेनभाईंनी त्याला बजावले, “वेजाभाई, माझ्या गाडीपासून लांब. एखादा डबा घसरला तर काच जायची.”

“शेठ, माझ्या छकड्यात फुटण्यासारखं काही नाही बघा,” वेजाभाई म्हणाला आणि छकडा लांब लावू लागला.

वैशाखातल्या एका दुपारी, गाडी दारात उभी असताना, जवळपास कोणी नसताना, फटाक्यासारखा आवाज झाला आणि छपराच्या काचेला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा गेला. दगड नव्हता. चेंडू नव्हता. माकडसुद्धा नव्हते. (माकडांचा त्या दिवशी दुसऱ्या गल्लीत कार्यक्रम होता.)

जामनगरच्या सर्व्हिस सेंटरमध्ये पार्थिव सोढा नावाचा तरुण वॉरंटीचे काम पाहतो. अत्यंत सुस्वभावी. ग्राहकाला नाही म्हणताना त्याच्याच डोळ्यांत पाणी येते. त्याने सांगितले, की वॉरंटी फक्त काच फुटेपर्यंतच असते असा अनेकांचा गैरसमज आहे. फुटल्यावरही ती लागू असते. काच तेवढी आपण होऊन फुटलेली हवी. आणि काच आपण होऊन फुटत नाही, असे कंपनीचे संशोधन आहे. आजवर फुटलेल्या काचांपैकी एक्याण्णव टक्के बाहेरच्या आघाताने, आठ टक्के मालकाच्या निष्काळजीपणाने आणि एक टक्का मालकाने अद्याप कबूल न केलेल्या निष्काळजीपणाने फुटल्या आहेत.

मग त्याने काचेवर पुठ्ठा ठेवला, चारी बाजूंनी तपकिरी पट्टी मारली, पट्टीवर शिक्के उठवले आणि हा पुरावा असून निकाल लागेपर्यंत याला हात लावू नये, असे बजावले. आकाश अशा प्रकारे कंपनीच्या ताब्यात गेल्यावर त्याने प्रश्न विचारायला घेतले. गाडी नारळाच्या झाडाखाली उभी होती का? नव्हती. विमानतळाजवळ? नाही. दंगलीत, युद्धात, वरातीत वापरली होती का? नाही, नाही, नाही. सगळे फार छान चालले होते.

“काचेवर कधी काही ठेवलं होतं का?”

“हो,” धीरेनभाई म्हणाले. “श्रीफळ.”

सोढाने पेन खाली ठेवले. इकडेतिकडे पाहिले. मग खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाला, “काका, माझं ऐका. ‘काही नाही’ असं लिहून टाका. मी काही ऐकलं नाही.”

“अरे, पण तुमच्याच बेनने ठेवलं. तो बघ तिकडे शोरूमच्या भिंतीवर फोटो.”

“म्हणून तर सांगतोय. ‘काही नाही’ लिहा, आठवड्यात काच येते.”

धीरेनभाईंनी पेन हातात घेतले. तेलाच्या धंद्यात त्यांनी गरजेपुरते कमीजास्त लिहिलेले आहे. ते काही हरिश्चंद्राचे वंशज नव्हेत. पण द्वारकेत वाढलेल्या माणसाची काही ठिकाणी पंचाईत होते.

“श्रीफळाला ‘काही नाही’ कसं म्हणायचं, भाई?” ते म्हणाले, आणि त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिले: श्रीफळ, एक.

इथून पुढे सर्व काही नियमाप्रमाणे झाले. विक्री विभागाने कळवले, की श्रीफळ ठेवणे ही ग्राहकाच्या भावनांची सेवा असून तिच्या परिणामांचा संबंध सर्व्हिस विभागाशी येतो. सर्व्हिस विभागाने कळवले, की विक्री ही वेगळी कंपनी आहे. (दोन्ही कंपन्या एकाच दालनात बसतात, मध्ये काचेची भिंत आहे. ती फुटलेली नाही.) शिवाय श्रीफळ हे कंपनीच्या मान्यताप्राप्त जोडसाहित्याच्या यादीत नाही. हेच श्रीफळ कंपनीकडून घेऊन कंपनीच्याच माणसाकडून बसवून घेतले असते, तर गोष्ट वेगळी होती.

धीरेनभाई या कामासाठी दुसऱ्यांदा जामनगरला गेले तेव्हा राजकोटहून कणखरा साहेब आले होते. ते वॉरंटी खात्याचे प्रमुख. त्यांना संबंधित श्रीफळ तपासणीसाठी हवे होते. ते बांच्या देवघरात होते. बांनी ते दिले, पण निरोप पाठवला, की साहेबांना म्हणावं हात धुऊन घ्या, आणि काम झालं की परत पाठवा, खोबऱ्याची चटणी करू नका.

श्रीफळ मोहोरबंद पिशवीतून प्रयोगशाळेत गेले. तिथे ते तशाच डझनभर काचांवर ठेवून पाहण्यात आले. एकही काच फुटली नाही. ही बातमी ऐकून धीरेनभाईंनी सोढाला मिठी मारली.

“म्हणजे श्रीफळाने फुटली नाही ना?”

“नाही काका,” सोढा खिन्नपणे म्हणाला. “म्हणजे काच मजबूत आहे. मजबूत काच फुटली, म्हणजे तुमच्या वापरात काहीतरी चुकलं.”

“आणि त्या फुटल्या असत्या तर?”

“मग श्रीफळानेच फुटते हे सिद्ध झालं असतं.”

इतकी चोख व्यवस्था तेलाच्या धंद्यात आपल्या पूर्वजांना का सुचली नाही, याची धीरेनभाईंना मनापासून खंत वाटली.

घरी मात्र बांचे दूध आणि केळे चालू होते. तडा गेलेल्या काचेखाली त्यांना झोपवण्याची कोणाची छाती नव्हती, आणि पुठ्ठ्याखाली झोपवून उपयोग नव्हता. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढू लागल्या. आवाज इतका बारीक झाला की टीव्ही बंद करून ऐकावे लागे. डॉक्टरांनी बजावले, की या गोळ्या अन्नावर घ्यायच्या आहेत. असेच चालले तर मी जबाबदार नाही. धीरेनभाईंची बायको नयनाबेन हिने पायावर डोके ठेवून विनवले, की बा, देव समजून घेईल, एवढ्यापुरता नेम सोडा.

“काच त्यांची मोडली,” बा म्हणाल्या, “म्हणून नेम मी मोडू?”

पाचव्या खेपेला धीरेनभाईंनी सोढापुढे हात जोडले. “माझी बा जेवत नाही रे.” सोढाचे डोळे भरून आले. त्याने तत्काळ संगणकावर नोंद केली: ग्राहकाच्या आईचे जेवण, प्रलंबित. कणखरा साहेबांनीही विषय गांभीर्याने घेतला आणि गाडी आईंच्या नावावर आहे काय, अशी विचारणा केली. नव्हती. तेव्हा भूक वॉरंटीबाहेर गेली.

त्याच वेळी नयनाबेनचा फोन आला.

“ऐकलं का, बा जेवल्या.”

धीरेनभाईंनी विचारले, “नेम सोडला?”

“छे. धजा पाहून आल्या. दीड रोटला खाल्ला, वर गूळ मागितला.”

झाले होते असे. सकाळी वेजाभाई डबे उतरवायला आला. छकड्याचा आवाज घरात पोचला. बांनी पडल्यापडल्या सुनेला हाक मारली आणि विचारले, “त्याच्या छकड्याला वर काय असतं गं?”

“काही नाही, बा.”

“तेच हवंय मला. थांबव त्याला.”

मग हौद्यात गादी पडली, गादीच्या दोन्ही बाजूंनी बा घसरू नयेत म्हणून तेलाचे डबे लागले, आणि कस्तुरबेन रायचुरा फटफट आवाज करत चौकात गेल्या. तिथे धजा होती, तिच्याभोवती सगळे आकाश होते, आणि आकाशाला कुठेही कडा नव्हती. वेजाभाईने मुकाट्याने छकडा बंद केला. बांनी पुष्कळ वेळ हात खाली घेतलेच नाहीत.

नयनाबेनचे एवढे सांगून होते तोच बांनी तिच्याकडून फोन मागून घेतला. आवाज ठणठणीत होता. “दीकरा, तुझ्या गाडीचं छप्पर दिसत नाही असं म्हणाला होतास ना? याचं तर नाहीच. आणि वारा येतो. तुझ्यात वारा नव्हता.”

कंपनी हृदयशून्य नसते. पुढे यथावकाश, विशेष बाब म्हणून, काच फुटल्याचे मान्य न करता ती बदलून देण्यात आली. (श्रीफळही परत मिळाले. हात धुतले होते की नाही, हे कळू शकले नाही.) नव्या काचेची वॉरंटी टिकावी म्हणून काही किरकोळ अटी होत्या. गाडी उन्हात उभी करू नये. झाडाखाली नको. पक्षी बसतात तिथे नको. समुद्राच्या वाऱ्यात नको. काचेखालचा पडदा शक्यतो ओढलेला ठेवावा आणि गाडीवर कापडी आच्छादन घालावे. या सर्व अटींत बसणारी जागा द्वारकेत एकच निघाली, ती म्हणजे धीरेनभाईंचे तेलाचे गोदाम. पत्र्याच्या छपराखाली, आच्छादनाच्या आत, पडदा ओढून ती गाडी आता सुखरूप आहे. रविवारी धीरेनभाई तिच्यावरची धूळ पुसतात, म्हणजे आच्छादनावरची. काचेला एक ओरखडा नाही. वॉरंटी अजून शिल्लक आहे.

बा रोज छकड्यातून जातात. कधीकधी धीरेनभाईही हौद्याच्या कडेवर बसतात, तेलाच्या डब्याला धरून, आणि वर पाहतात.

वाचकांपैकी काहींना धीरेनभाईंचे हसू आले असेल. जरूर हसावे. त्यापूर्वी ज्यांनी जास्तीचे पैसे भरून तसले छप्पर घेतले आहे, त्यांनी खाली जाऊन आपल्या गाडीतला पडदा शेवटचा कधी उघडला होता ते आठवून पाहावे. ज्यांनी घेतलेले नाही, त्यांच्या इमारतीला गच्ची असेलच. किल्ली सेक्रेटरींकडे मिळते. आणि जिना चढायला आपले खुबे अजून शाबूत आहेत. वर पाहण्यापूर्वी ते मोडलेले असावेत, अशी अट निदान माझ्या वाचनात तरी आलेली नाही.