‘बळकावणे’ची नोंद

कोशात नोंदी लिहिणाऱ्या बाई पाणी प्यायला उठल्या आणि त्यांची खुर्ची गेली. परत येऊन पाहतात तो ढमी तीत चढून बसलेली. वय सव्वादोन, हातात चमचा, चेहऱ्यावर कायमच्या मुक्कामाचा भाव.

चार वाजता शब्दकोशाचं पान छपाईला जाणार होतं आणि त्यातली ‘बळकावणे’ची नोंद बाईंकडे होती. ढमी झाल्यापासून सुटलेलं काम नुकतंच परत मिळालं होतं, तेही घरून करायच्या बोलीवर. पहिलीच नोंद चुकली, तर ऑफिसात नऊ ते सहा आणि ढमी पाळणाघरात.

तीनला संपादकांचा फोन आला.

“अर्थ ठीक. ‘बळ’वरून आला, तेही ठीक. पण उदाहरण काय हे? ‘सेनापतीने गादी बळकावली’! बाई, सेनापती कुणाच्या घरी असतो आता? रोजचं काहीतरी द्या.”

“देते, सर.”

ढमीला उचलायला गेल्या, तर तिने शेजारी धावून येतील असा सूर लावला. बाई लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलाकडे वळल्या. तिथे सासूबाई पडदा बेतत होत्या.

“आई, एक कोपरा मिळेल?”

“अगं, घे की! फक्त पडदा हलवू नकोस, माप चुकेल.”

पडदा टेबलाएवढाच होता.

पलंगावर नवरा मीटिंगमध्ये. त्याने माइकवर हात ठेवला. “पाचच मिनिटं गं.”

त्याची पाच मिनिटं बाई लग्नापासून ओळखत होत्या. त्या स्वयंपाकघरात स्टुलावर टेकल्या, तोच ढमी मांडीत येऊन बसली आणि चमच्याने कळफलक बडवू लागली. लिहिलेली ओळ पुसली गेली. तीन चाळीस.

बाईंच्या ध्यानात आलं, की दुपारपासून घरात कुणीही बळ म्हणून लावलेलं नव्हतं. जो तो आधी जाऊन बसला होता, एवढंच.

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ढमीचा चारी बाजूंनी बंद लाकडी कठडा होता. गॅसपाशी काम असलं की तिला त्यात ठेवत, आणि ठेवताक्षणी ती भोकाड पसरी. बाईंनी मागेपुढे पाहिलं नाही. पाय टाकून आत उतरल्या, मांडी घातली आणि लिहू लागल्या.

ढमी धावत आली. गजांवर चमचा वाजू लागला. “माजं! माजं!”

“अगं, लेकराची जागा काय घेतेस!” सासूबाई म्हणाल्या.

“जरा हळू!” आतून नवरा.

बाईंनी मान वर केली नाही. तीन सत्तावन्नला नोंद गेली. लगेच फोन.

“‘आईने लेकीची जागा बळकावली.’ बाई, हे उलटं झालंय का?”

“नाही, सर. तपासलंय.”

“बरं. आवडलं. उद्यापासून पुढचं अक्षर तुमच्याकडे, घरूनच.”

बाईंचा जीव भांड्यात पडला. ढमीचा आरडाओरडा केव्हाच थांबला होता. ती गजांतून आईकडे निरखून पाहत होती. मग तिने चमचा आत सरकवला, आईच्या गालावर हात फिरवला आणि आई रोज तिला कठड्यात ठेवताना म्हणते त्याच सुरात म्हणाली,

“ललू नको हं. पात मिन्टं.”

आणि शांतपणे जाऊन खुर्चीत बसली.