बंडोपंतांचं तैलचित्र

दत्तूआण्णा पेंटर तोंडाकडं टक लावून बघायला लागले की आमच्या गल्लीत माणसं वाट बदलतात. आण्णा एक डोळा मिटतात, मान तिरकी करतात आणि म्हणतात, "पावणं, नाक झकास हाय तुमचं. समोरनं एक चांगला फोटो काढून ठेवा की. मागनं घरच्यांची लई पळापळ होतीया."

आता यावर माणसानं काय बोलावं? पण आण्णांचा धंदाच तो. वारलेल्या वडीलधाऱ्यांची तैलचित्रं करायची. आमच्या भागात पुढच्या खोलीत चंदनाचा हार घातलेला म्हातारा दिसला की तो बहुतेक आण्णांच्या हातचा समजायचा. आधारकार्डावरच्या भेदरलेल्या फोटोवरून ते असा रुबाबदार माणूस उभा करतात की खुद्द बायको म्हणते, "हे जिवंतपणी असं कधी दिसलं न्हाईत!" खाली सोनेरी रंगात 'कै.' आणि पुढं नाव. जिवंत माणूस मात्र त्यांनी जन्मात रंगवला नाही. का, तर म्हणे, "जित्ता माणूस हलतोय."

मी त्यांचा शेजारी, संभा. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहे. वितळलेलं लोखंड ओततात तिथं उभा राहतो, मिशा ठेवल्यात, तालमीत घाम गाळलाय. आणि मी पालीला भितो. हसायचं त्यानं आत्ताच हसून घ्यावं, कारण आण्णांच्या घरात बंडू आहे.

बंडू म्हणजे इग्वाना. आण्णांच्या मुलानं पुण्यात हौसेनं पाळला आणि परदेशी नोकरीला जाताना आईबापाच्या गळ्यात टाकला. घरातली पाल डोळ्यांसमोर आणा. ती हातभर लांब करा, वर तेवढीच शेपूट जोडा, पाठीवर काट्यांची रांग लावा आणि गळ्याखाली कातड्याची झोळी लोंबती सोडा. झाला बंडू. तो आला त्या दिवशी काकू, म्हणजे आण्णांच्या मंडळी, किंचाळत आमच्या स्वयंपाकघरात शिरल्या होत्या. पुढं त्याच काकू परसातली जास्वंद खुडून "ये रे माझ्या बंड्या, आ कर" म्हणत त्याला भरवायला लागल्या. खांद्यावर घेऊन भाजी निवडायच्या हो! मी कुंपणापलीकडूनच बोलायचो.

गेल्या साली काकू गेल्या. दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले, मुलगा विमानात बसला. पण गल्लीला एक गोष्ट खटकत राहिली. सगळ्यांची माणसं भिंतीवर चढवणाऱ्या आण्णांच्या भिंतीवर नुसता खिळा होता, काकूंचा फोटो नव्हता. मी एकदा धीर करून विचारलं. "हात चालत न्हाय," म्हणाले आणि ब्रश धुवायला निघून गेले.

यंदा पावसाळ्यात त्यांनी मला हाक मारली. "संभा, बंड्याचं चित्र काढतोय. जित्ता हाय, पर हलत न्हाय. माझ्या कामाचा."

मी दारातच चिकटलो. खिडक्या बंद, टर्पेंटाईनचा वास, आणि स्टुलावर बंडू पुतळ्यासारखा. आण्णा आधी तपकिरी रंगात अंग बसवत, मग हिरव्याचे पातळ थर देत, आणि केसाएवढ्या ब्रशनं एकेक खवला काढत. थर वाळेपर्यंत पुढं जात नसत. दमट हवेत तो वाळतोय कधी! रोज तेच बसणं. अखेर चित्रातल्या डोळ्यात पांढरा ठिपका पडला आणि माझी फे फे उडाली. खोलीत आता दोन बंडू होते, दोघंही माझ्याकडंच बघत होते, आणि पाठ नेमकी कुणाकडं करावी हे मला कळेना.

दुसऱ्या दिवशी आण्णांची हाक आली, पण आवाज ओळखू येईना. "संभा, वाच हे."

चित्राखाली सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं : कै. बंडोपंत.

मी खदखदून हसलो. आण्णा हसले नाहीत. "आपसूक गेला रं हात," ते म्हणाले.

आणि त्या दिवसापासून बंडूनं खाणं सोडलं. जास्वंद तशीच सुकायला लागली. हिरवा रंग जाऊन अंग काळवंडलं, डोळे मिटलेले. आण्णांनीही ताट लोटलं. "म्याच मारला त्येला. ज्याच्या नावाम्होरं म्या त्ये लिवलं, त्यो कवा माघारी आलाय का?" मग एकदम माझा दंड धरून म्हणाले, "तिनं हातानं भरवलेलं घरात आता येवढंच हाय रं."

तेव्हा मी खरा भ्यालो. बंडूला नव्हे. हे जनावर गेलं तर त्याच्यामागं आण्णाही जातील, हे मला स्वच्छ दिसलं.

"स्कूटर काढा. डॉक्टरकडं जाऊ."

"आन् ह्येला धरणार कोण?"

कोण म्हणजे? आहेच कोण! बंडूनं माझ्या छातीवर चारी पंजे रोवले, हनुवटी गळ्याला लावली, आणि मी डोळे मिटून येईल त्या देवाचं नाव घेत कळंब्याच्या दवाखान्यापर्यंत गेलो. जनावरांच्या डॉक्टरांनी बंडूला उलटासुलटा केला आणि आण्णांना झापलं. "याला ऊन कधी मिळालं होतं? बंद खोलीत, त्या वासात बसवून ठेवलाय. गारठलाय तो. ऊब नाही मिळाली तर याला खाल्लेलं पचत नाही, मग खाणार कसा?"

घरी आल्याबरोबर आण्णांनी आधी चिंधी टर्पेंटाईनमध्ये बुडवून ते 'कै.' पुसलं. मग पुढच्या सोप्यात उबेसाठी बल्ब टांगला. बंडू त्याखाली पडून राहिला. आण्णा जास्वंद धरून बसायचे, तो तोंड फिरवायचा. मी कामावर जाता-येता डोकावायचो आणि काही न विचारता परत फिरायचो.

एके सकाळी ऊन पडलं. बंडूला अंगणात ठेवलं होतं. त्याचं अंग जरा हिरवं दिसत होतं. आण्णा समोर उकिडवे बसले, फूल पुढं केलं, आणि अगदी काकूंच्या सुरात म्हणाले, "ये रे माझ्या बंड्या... आ कर..." बंडूनं मान उचलली, थोडा वेळ बघितलं आणि फूल ओढून घेतलं. आण्णा रडत होते. मीही रडलो, मिशांसकट.

परवा त्यांच्याकडं गेलो तर त्या खिळ्यावर चित्र लागलं होतं. हार नाही. खाली नुसतं 'बंडोपंत'. पण चित्रात एका कडेनं नवीन काही आलं होतं. एक हात, हिरव्या बांगड्यांचा, बोटांत जास्वंद. अंगठ्यावर विळीचा जुना व्रणसुद्धा होता.

"काकूंचा हात," मी म्हणालो. "आण्णा, मग तोंडही काढायचं की!"

आण्णा ब्रश पुसत राहिले.

"तोंड काढलं की खाली नाव लिवाय लागतंय, संभा. आन् नाव लिवाय बसलो की ह्यो हात आधी काय लिवतोय, त्ये तू बघितलंयस."