पापडाची पत्रिका

पाचोडच्या दगडाबाईंना दिवसाढवळ्या स्वप्नं पडत. उडदाचं पीठ तिंबता तिंबता डोळे अर्धे मिटत आणि समोर उभं राही शहरातलं, उस्मानपुऱ्यातलं दुकान! पापड चांदण्यांसारखे हवेत तरंगताहेत, खाली जरीच्या लुगड्यातल्या बाया, फेटेवाले बाप्ये, पाय ठेवायला जागा नाही, आणि मधोमध आपण, खुर्चीत!

दुकान खरंच निघणार होतं. बानाई महिला बचत गटानं तिथं गाळा भाड्यानं घेतला होता. गर्दी तेवढी अजून स्वप्नातच होती.

"शहरात कोण येतंय आपल्या पापडाला?" गटातली वच्छलाबाई म्हणाली. बाई दहावी पास, तोंडानं मात्र वकील!

दगडाबाई भडकल्या. "दगडाबाईनं बोलावलं अन् माणूस आलं नाय, असं झालंय व्हय कधी? पहिल्या दिवशी दुकान गच्च भरलं नाय, तर अध्यक्षाची खुर्ची तुला. वर गादी शिवून देते!"

खुर्ची प्लॅस्टिकचीच होती. पण दगडाबाईंनी ती आजवर कुणाला पुसूसुद्धा दिली नव्हती!

दुसऱ्याच दिवशी त्या बद्रीनाथला घेऊन छापखान्यात थडकल्या. बद्रीनाथ त्यांचा लेक. पोरगा सोन्यासारखा, पण शेती करतो म्हटल्यावर मुलीवाले चहासुद्धा अर्धा टाकून उठायचे. त्याच्या लग्नाचा घोर आईपेक्षा गावालाच जास्त!

छापखान्याचे काकासाहेब नमुने मांडू लागले. "आक्का, हँडबिल घ्या. सगळे तेच घेतेत."

"अन् संध्याकाळी त्यात भेळ बांधतेत! नको."

"फ्लेक्स?"

"चार दिसांनी शेळ्यांच्या गोठ्यावर पडतंय. नको."

"मग कॅलेंडर?"

"अर्धं वरीस सरलं. गेलेले महिने काय चाटायचे?"

तेवढ्यात त्यांची नजर काकासाहेबांच्या कोपराखाली गेली. मखमली लाल कागद, सोनेरी गणपती, रेशमी गोंडा! दगडाबाईंनी तो नाकाशी नेला. अत्तराचा वास आला आणि डोळे आपोआप मिटले. पापड पुन्हा तरंगू लागले...

"आक्का, ती लग्नपत्रिका हाय!"

"मग? लग्नाची पत्रिका कोण फेकतंय? वरीसभर खुंटीला लटकती. याच्यावरच छापा पापड!"

"आई, लोक हसतील," बद्रीनाथ पुटपुटला.

"तू गप. तुझी छापायची येळ आली की बोल!"

वर गणपती, मधे पापड, कुरडया, शेवया, मग तारीख, दुकानाचा पत्ता आणि खाली 'आपली नम्र, दगडाबाई'. नम्र हा शब्द काकासाहेबांनी स्वतःच्या जबाबदारीवर घातला. नुसता कोरडा कागद हातात कसा द्यायचा, म्हणून दगडाबाईंनी घरी बसून प्रत्येक पत्रिकेला हळदी-कुंकवाची बोटं लावली आणि बाजाराच्या दिवशी सगळ्या वाटून टाकल्या.

आता आपल्याकडं पत्रिका वाचतो कोण? माणूस तारीख बघतो, ठिकाण बघतो, खालचं नाव बघतो. नाव दगडाबाईंचं, घरात बिनलग्नाचा एकच!

"जमलं म्हणायचं एकदाचं!" लांबची नणंद सरूबाई बाजारात भेटली.

"जमलं म्हंजे? थाटात जमलं!"

"लई वाट बघायला लावली, वहिनी."

"काय करता? मनासारखं मिळाया नको?"

तो दिवस उजाडला. जीपगाड्या आल्या. टेम्पो आले. गावातल्या सांडूचा बँड आला! जरीची लुगडी, फेटे, अत्तर... हुबेहूब तेच! दगडाबाई खुर्चीत टेकल्या. आपण जाग्या आहोत की पीठ तिंबतोय, हेच त्यांना कळेना.

इतक्यात सरूबाईनं त्यांच्या ओटीत खण टाकला. "नवरी कुठंय?"

"कोण नवरी?"

"अगं, बद्रीची!"

दगडाबाईंनी बाहेर पाहिलं. गाववाल्यांनी बद्रीनाथला फेटा बांधून घोड्यावर चढवला होता! पोरगा वजनकाटा छातीशी धरून बसलेला. गाळ्यासमोर पंगत मांडी घालून तयार.

"दगडाबाई, वाढा आता!"

दारात बसलेल्या माणसाला उपाशी उठवायचं? ते दगडाबाईंच्या बापाला जमलं नसतं! त्यांनी पदर खोचला.

"तळा गं! सगळं तळा!"

पापड गेले. कुरडया गेल्या. शेवयांची खीर झाली, तीही गेली. संध्याकाळी दुकानात उरली एक खुर्ची आणि तेलकट वच्छलाबाई.

"भरलं का नाय दुकान?" दगडाबाईंनी विचारलं.

"भरलं की. अन् झाडूनपुसून रिकामंबी झालं!"

खुर्ची मात्र वाचली. शिवाय घोड्यावरचं ते वजनकाटावालं ध्यान पाहून पंगतीतली एक मुलगी जी हसत सुटली, ती पुढच्या उन्हाळ्यात सून व्हायला तयार झाली!

दगडाबाईंनी पुन्हा काकासाहेबांना गाठलं. तोच मखमली कागद, तोच गणपती, तेच अत्तर. आता ही गर्दी लोटणार! मंडप वेशीपर्यंत घातला. दगडाबाई डोळे अर्धे मिटून बसल्या...

मुहूर्त आला. मुलीकडचे आले. आपल्या बाजूला घरची चार माणसं आणि रिकाम्या सतरंज्या!

दगडाबाईंनी सरूबाईला फोन लावला. "अगं बया, निघाली का नायस?"

"येते की, वहिनी. घाई काय? सांजंपर्यंत उघडंच असंल ना? अन् ऐक, यंदा फुकट नको बाई. माझे दोन किलो उडदाचे बाजूला काढून ठेव!"